मल्लरंगांतील निवृत्ति

रविवार, ता. १४ डिसेंबर २०२५ रोजीं सकाळीं आमच्या घरांत जो प्रकार घडला, तो वाचकांस सांगावा कीं सांगूं नये, याचा आम्हीं आठ दिवस विचार केला. शेवटीं घरांतील मंडळींनींच कौल दिला, "अहो, सगळ्या आळीला ठाऊक झालें आहे. आतां लपवावयाचें काय राहिलें?" तेव्हां सांगतोंच. छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून शब्दरूपें घोटवून घेतलेला हा सदुसष्ट वर्षांचा मास्तर त्या दिवशीं स्नानसंध्या बाजूस ठेवून, अंगाभोंवतीं धाबळी लपेटून, अकरा वर्षांच्या नातवाशेजारीं बसून अमेरिकेंतील कुस्ती पाहत होता. आणि ती संपली तेव्हां दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतें.

कुस्ती हा शब्द लिहितांना लेखणी किंचित् अडखळते. डब्ल्यूडब्ल्यूई या नांवानें जगभर चालणाऱ्या या खेळांत हारजीत आधींच ठरलेली असते, हें आतां शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. खुद्द त्या कंपनीच्या चालकांनींच १९८९ सालीं न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढें तशी कबुली दिली. खेळ म्हटला म्हणजे सरकारी देखरेख आली; करमणूक म्हटली म्हणजे सुटका झाली. सत्य बोलण्यास माणसें कधीं कधीं अशाही कारणानें प्रवृत्त होतात!

आम्ही वाढलों ते निराळ्या कुस्तींत. आमचे थोरले बंधु—त्यांस आम्ही सर्व भावंडें अण्णा म्हणत असूं—आम्हांस कोल्हापुरास खासबागेंत घेऊन जात. शाहू महाराजांनीं बांधविलेलें तें मैदान १९१२ सालीं खुलें झालें. भोंवतीं उतरती बैठक. कोठेंही बसलें तरी मधल्या हौद्यांतील मल्ल दिसतो. तेथें एकदां दोघे नांवाजलेले पैलवान बराच वेळ नुसते हातांत हात गुंतवून फिरत राहिले. प्रथम कुजबुज झाली, मग एका कोपऱ्यांतून "नुरा कुस्ती!" अशी आरोळी उठली, आणि हां हां म्हणतां सारें मैदान खवळलें. अण्णा घरीं येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहींत. ठरवून केलेल्या कुस्तीविषयीं आमच्या मनांत जी घृणा बसली, ती त्या दिवसापासून.

म्हणून गेल्या एप्रिलांत, हे खेळ आपल्या देशांत नेटफ्लिक्सवर दिसूं लागल्यापासून नातू त्यांपुढें तासन् तास बसूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास मास्तरी थाटांत सुनावलें, "अरे, हें सारें खोटें आहे. कोणी जिंकावयाचें तें आधींच लिहून ठेवलेलें असतें." तो पडद्यावरून नजर न हलवतां म्हणाला, "मला माहीत आहे, आजोबा. तुम्ही शाकुंतल शिकवीत होतां, तेव्हां ती अंगठी खरीच हरवत होती का?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही मुकाट्यानें खालीं बसलों, ते अद्याप उठलों नाहीं असें म्हटलें तरी चालेल.

पुढें विचार करूं लागलों, तसा आमचा आम्हांलाच अचंबा वाटूं लागला. संस्कृतांत 'रंग' हा एकच शब्द नाटकाच्या मंचासही आहे आणि मल्लांच्या आखाड्यासही आहे, हें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें. पण त्यांतील मर्म कधीं मनावर घेतलें नाहीं. नाट्यशास्त्रानें युद्ध व मरण प्रत्यक्ष रंगावर दाखविण्यास मनाई केली, तरी भासानें बालचरितांत चाणूर आणि मुष्टिक या मल्लांस प्रेक्षकांदेखत लोळविलेंच. भागवताच्या दशमस्कंधांत तर याहून मौजेची गोष्ट आहे. कृष्ण कंसाच्या मल्लरंगांत पाऊल टाकतो, तेव्हां तो मल्लांस वज्रासारखा, स्त्रियांस मदनासारखा, नंदाच्या गोपांस आपल्यांतलाच एक आणि कंसास साक्षात् मृत्यूसारखा दिसतो. माणूस एक, पण पाहणाऱ्यागणिक वेगळा! आणि कुस्ती सुरू होतांच मथुरेच्या स्त्रिया तक्रार करतात कीं, कोंवळ्या पोरांस डोंगराएवढ्या मल्लांशीं झुंजविणें हा अधर्म आहे. पंचांच्या नांवानें ओरडणारा प्रेक्षक इतका जुना आहे.

जॉन सीना या अमेरिकन मल्लास पाहतांना आम्हांस हा प्रसंग वारंवार आठवतो. २००२ सालीं हा गृहस्थ प्रथम त्या रंगांत उतरला. "हार मानूं नका" हें त्याचें ब्रीद. मुलें त्याच्या रंगाच्या टोप्या व मनगटपट्टे घालून येत आणि त्याचा जयजयकार करीत. त्याच वेळीं मोठे बाप्ये तितक्याच जोरानें त्याचा धिक्कार करीत. दोन्ही घोष एकाच तालांत, एकाच सभागृहांत! २०१५ सालीं एका कुस्तींत प्रतिपक्ष्याचा गुडघा लागून त्याचें नाक मोडलें, तरी त्यानें ती कुस्ती पुरी केली. निकाल लिहिलेला असतो, हाड मोडणें लिहिलेलें नसतें. लाकडी फळ्यांवर पातळ गादी, तीवर पाठीनें सपाट आदळावयाचें, हनुवटी छातीशीं घ्यावयाची, म्हणजे डोकें वांचतें. आणि हें वर्षांतून शेकडों वेळां. ज्यांस हें खोटें वाटतें, त्यांनीं आपल्या दिवाणखान्यांतील सतरंजीवर एकदां पडून पाहावें.

२०२५ हें आपलें शेवटचें वर्ष, असें सीनानें आधींच जाहीर केलें होतें. या वर्षाची मांडणी करणाऱ्यांवर आमचा राग आहे, तो येथें नोंदवितों. १ मार्च रोजीं टोरोंटो येथें या वीस वर्षांच्या सज्जनास त्यांनीं एकाएकीं दुर्जन केलें. रॉक नांवाचा जुना मल्ल, आतां सिनेनट, यानें विजेत्या कोडी ऱ्होड्सपाशीं चक्क त्याचा आत्मा मागितला. कोडीनें नकार देतांच सीनानें त्यास आधीं मिठी मारली आणि मग न सांगण्याजोग्या ठिकाणीं प्रहार केला. प्रवेश अप्रतिम होता, हें आम्ही कबूल करतों. आमच्या नातवानें त्या दिवशीं दूध घेतलें नाहीं, असें सूनबाई सांगतात. परंतु बीज पेरावें आणि त्यास पाणी घालूं नये, याला काय म्हणावें? २० एप्रिल रोजीं लास व्हेगासला सीनानें कोडीस हरवून सतरावें विजेतेपद मिळविलें व रिक फ्लेअरच्या सोळांस मागें टाकलें. त्या दिवशीं रॉक तेथें फिरकलाही नाहीं! त्याच्याऐवजीं एका गायकानें मध्यें लुडबूड केली. कोडीनें हातीं आलेला पट्टा मारावयास उगारला, पण त्याचें मन धजेना. सीनानें मात्र तोच पट्टा त्याच्या डोक्यांत घातला. सज्जन दुर्जन कां झाला, याचें पटणारें कारण आम्हांस शेवटपर्यंत मिळालें नाहीं. ज्यानें संधि जुळवावयाची, तोच निर्वहणाच्या वेळीं गैरहजर! परीक्षेंत असा निबंध आला असता, तर आम्हीं दहांपैकीं तीन गुण दिले असते, तेही हस्ताक्षरास.

ऑगस्टांत न्यू जर्सी येथें त्यानें पुन्हां चांगुलपण पत्करून कोडीशीं अर्ध्या तासाहून अधिक झुंज दिली व पट्टा घालविला. ती कुस्ती वर्षांतील उत्तमांपैकीं होय. सप्टेंबरांत ब्रॉक लेस्नर या राक्षसप्राय मल्लाकडून त्यास दहा मिनिटांच्या आंत चिरडविलें, तें कशासाठीं, हें ते चालकच जाणोत. निरोप घेणाऱ्या माणसाच्या मोजक्या दिवसांतील एक दिवस असा फुकट गेला.

परंतु ११ ऑक्टोबरच्या पर्थ येथील सामन्यानें आमचा सारा राग उतरला. प्रतिपक्षी ए. जे. स्टाइल्स, तोही असाच उतरत्या वयाचा. दोघांनीं आपआपले डाव केले, ते तर केलेच. पण मधून मधून इतर मल्लांचे गाजलेले डाव काढून दाखविले, कांहीं निवृत्त झालेल्यांचे, कांहीं दिवंगतांचे. डाव ओळखूं येतांच नातू नांव उच्चारी आणि आम्हांस कोपरानें ढोसून सांगे. त्यास एवढी वंशावळ मुखोद्गत असेल, याची आम्हांस कल्पना नव्हती. आमच्या विद्यार्थ्यांस लकार इतके कधीं पाठ झाले नाहींत. श्राद्धांत आपण जशीं पूर्वजांचीं नांवें घेतों, तसेंच तें कांहींसें वाटलें. हें घरांत बोलून दाखविलें, तेव्हां मंडळींनीं डोळे वटारले. पण आम्हीं तें मागें घेतलेलें नाहीं.

आतां त्या रविवारची कथा. अमेरिकेंत शनिवार, १३ डिसेंबरची रात्र, स्थळ वॉशिंग्टन. प्रतिपक्षी ऑस्ट्रियाचा गुंथर, खांद्यानें रुंद, मितभाषी, जुन्या धर्तीचा मल्ल. त्यानें मागून गळ्याभोंवतीं हात आवळला. सीना सुटला, पुन्हां आवळला, पुन्हां सुटला. अठ्ठेचाळीस वर्षांचा तो देह हळूहळू ढिला पडत चाललेला दिसत होता. नातू उभा राहून ओरडत होता, "हार मानूं नकोस!" तोंच सीनाच्या चेहऱ्यावर एक बारीकसें हंसूं उमटलें, आणि त्यानें हातानें थोपटून हार मान्य केली. वीस वर्षांहून अधिक काळांत त्यानें असें केलें नव्हतें. सभागृहांत धिक्काराचा एकच कल्लोळ उठला. नातवानें मनगटावरील पट्टे काढून कोपऱ्यांत भिरकावले व तो ओक्साबोक्शीं रडूं लागला. "शेवटच्या दिवशीं तरी जिंकवायचा होता! लिहिलेलेंच असतें ना सगळें? मग असें कां लिहिलें?"

आम्हीं त्यास जवळ घेतलें व सांगितलें कीं, त्या धंद्यांत जुना रिवाज आहे. जाणाऱ्यानें जातांना पाठ टेकावयाची आणि मागें राहणाऱ्यास आपलें मोठेपण देऊन जावयाचें. तो सतरा वेळां विजेता झाला, तो कोणीतरी त्याच्यापुढें पडले म्हणूनच ना? हें बोलत होतों खरे. पण बोलतां बोलतां आमचाच कंठ दाटून आला. त्याचें कारण सीना नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी, २०१६ सालीं, आम्ही शाळेंतून निवृत्त झालों. आमच्या जागीं एक तरुण बाई यावयाच्या होत्या. मुख्याध्यापकांनीं सुचविलें कीं, निरोपाच्या दिवशीं वर्गावर तास त्यांनीं घ्यावा, आम्हीं मागच्या बाकावर बसून तो ऐकावा, आणि शेवटीं दोन शब्द बोलावेत. आम्हांस तो अपमान वाटला. आम्हीं होकार दिला, पण वर्गावर गेल्यावर "प्रथम थोडी प्रस्तावना करतों" म्हणून जे उभे राहिलों, ते घंटा होईपर्यंत बसलों नाहीं. मुलें हंसलीं, टाळ्या वाजल्या, हार घातले गेले. त्या बाई दाराशीं टिपणांचे कागद हातांत घेऊन संबंध तास उभ्या होत्या. घंटा झाल्यावर त्यांनीं ते कागद दुमडून पिशवींत ठेवले आणि आम्हांस वाकून नमस्कार केला. आम्हीं आशीर्वादही दिला.

पडद्यावर सीना आपले बूट व मनगटपट्टे काढून रंगाच्या मधोमध ठेवीत होता. एक सलाम करून तो तसाच निघून गेला. नातवानें डोळे पुसले, कोपऱ्यांतले आपले पट्टे उचलून आणले, आणि ते मांडीवर ठेवून आम्हांस विचारलें, "आजोबा, तुमच्या शेवटच्या दिवशीं तुम्ही हरलांत का?"

"नाहीं रे. आम्ही जिंकलों."

"मग तुमच्यानंतर कोण आलें?"

"एक बाई आल्या. छान शिकवितात, असें ऐकतों."

"तुम्हीं त्यांचा तास पाहिला नाहीं?"

आम्ही नाहीं म्हणालों. एवढ्यांत आंतून सूनबाईंनीं दोघांसही स्नानासाठीं हांक मारली. पाणी निवत चाललें होतें.