नेम

मराठीतला ‘नेम’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. शिकाऱ्याने सावजावर धरायचा तोही नेम आणि आजीने कार्तिक महिन्यात पहाटे उठून, गार पाण्याने अंघोळ करून पाळायचा तोही नेमच. शिवाय ‘पावसाचा काही नेम नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाला तिसरा अर्थ फुटतो. आमच्या घरात पहिले दोन्ही नेम एका छपराखाली नांदत असत. आजी कार्तिकाचा नेम करी आणि आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. धानाच्या बांध्यांत रानडुकरे शिरू लागली की ते ती काढीत. नळीत आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि मग गज घालून ठासणे, असा तो मोठा विधीच असे. दारू जास्त झाली तर नळी फुटायची, कमी झाली तर डुकरे हसायची. एवढे करून बार निघे तोवर डुकरे शेजारच्या बांधीत गेलेली असत. आजी म्हणे, “तुमचा नेम चुकते जी. माह्या नेमाचं तसं नाही.”

निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई. आजोबा गेले आणि ती कायमचीच जमा झाली. त्यानंतर बंदुकीशी माझा काही संबंध उरला नव्हता. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि लाखांदुरात मास्तर झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पेन्सिल आणि लेखणी यांपलीकडचे शस्त्र हाती धरण्याचा योग माझ्या पत्रिकेत नसावा. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीने तो आणला.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकाने आणि रात्री नाटक किंवा दंडार. या मंडईत फुगे फोडायच्या बंदुकीचे एक दुकान असतेच. त्या बंदुकीची माशी मुद्दाम वाकवलेली असते, असे म्हणतात. पोरे पैसे देतात, फुग्याच्या मधोमध नेम धरतात आणि छर्रा पडद्याला लागतो. तीन वर्षांपूर्वीच्या मंडईत ही मुलगी तिथे उभी होती. तिने पहिले दोन छर्रे वाया घालवले आणि पुढचे आठही फुगे फोडले. मी आश्चर्याने विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, “गुर्जी, बंदूक डावीकडं मारते. मी उजवीकडं पाह्यलं.”

मला त्या आठ फुग्यांपेक्षा आधीच्या दोन छर्ऱ्यांचे जास्त कौतुक वाटले. चुकलेल्या छर्ऱ्यावर चिडणारी माणसे पुष्कळ असतात. त्याच्याकडे नीट पाहणारी थोडी.

मी चौकशी केली. नागपूरला नेमबाजी शिकवणारे एक खाजगी केंद्र आहे असे कळले. महिन्यातून दोनदा, शनिवारी दुपारच्या एसटीने मी, ती आणि तिची आई असे तिघे निघू लागलो. तिथले सर निवृत्त लष्करी गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हवेचे पिस्तूल दाखवले, समोर १० मीटरवर टांगलेला कागद दाखवला आणि म्हणाले, “आता या कागदाकडे बघायचे नाही.”

मला वाटले, सर थट्टा करीत आहेत. पण ते शास्त्रच आहे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. म्हणून नेमबाज माशी स्पष्ट पाहतो आणि लक्ष्याचा काळा चांदवा धूसर राहू देतो. यामागे साधे गणित आहे. माशी आणि खाच यांत सुमारे ३५ सेंटिमीटरचे अंतर धरा. सबंध हात एक मिलिमीटर सरकला तर कागदावर छर्राही मिलिमीटरभरच सरकेल. पण माशी खाचेत एक मिलिमीटर कलली, तर १० मीटरवर छर्रा जवळजवळ ३ सेंटिमीटर दूर जातो. दहा गुणांचे वर्तुळ केवढे? अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे तेवढ्या कलण्याने दहाचे सात होतात. हात थोडा हलणारच. त्याला हलू द्यावे, माशी मात्र खाचेत सरळ ठेवावी.

हे ऐकून मी मनात हसलो. वर्गात मुलांना हाताने सरळ रेघ काढायला शिकवताना मी निराळे काय सांगतो? टोकाकडे पाहा, हात मोकळा ठेवा, रेघ संपेपर्यंत श्वास जपून सोडा. पिस्तुलाचेही तसेच आहे. श्वास घ्यावा, थोडा सोडावा, आणि त्या शांत सहा-सात सेकंदांत चाप असा दाबावा की बार कधी निघाला ते आपल्यालाही आधी कळू नये. ‘आता मारू’ म्हणून चाप खेचला की मनगट दचकते आणि माशी कलते. या खेळात हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा, असा नियम आहे. स्पर्धेपूर्वी पंच वजन टांगून तो तपासतात. सगळे पिस्तूल दीड किलोपेक्षा जड असता कामा नये आणि ते एकाच हाताने धरायचे. साठ छर्रे, ७५ मिनिटे.

पिस्तूल हाताला बसवणे हीदेखील एक कलाच आहे. त्याची लाकडी मूठ ज्याच्या त्याच्या तळव्याप्रमाणे कानशीने घासतात, कुठे लांबी भरून फुगवटा देतात. डोळे मिटून हात उचलावा आणि उघडावेत, तेव्हा माशी आपोआप खाचेत सापडली पाहिजे. तसे नसेल तर दोष मुठीत शोधावा. छर्ऱ्यांचेही असेच. साडेचार मिलिमीटरचा छर्रा म्हणायचा, पण कुठल्या डबीवर ४.४९ असते, कुठल्या डबीवर ४.५०. कुठला छर्रा आपल्या नळीला मानवतो ते पिस्तूल शिकंजात पकडून, एकेका डबीतले छर्रे मारून ठरवतात. मोठ्या स्पर्धांत २५ मीटरवर बावीस बोअरची काडतुसे असतात. ती पुन्हा भरता येत नाहीत, कारण त्यांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. ज्यांचा मसाला बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असतो, तीच काडतुसे परवानाधारक जाणकार पुन्हा भरतात आणि दारूचा कण न् कण तोलतात. आमच्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला अशाच दारूचा सरकारी कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट होऊन कामगार प्राणांस मुकले. तेव्हापासून ‘दारूचा कण’ हे शब्द मला हलके वाटत नाहीत. हवेच्या पिस्तुलात दारू नसते, याचे तिच्या आईइतकेच मलाही समाधान आहे.

घरी सराव कशाचा करायचा? पिस्तूल केंद्राचे. ते तिथेच राहणार. मग मी कागदावर तिचा पंजा आखला आणि गावातल्या सुताराने त्या मापाने सागाचे एक पिस्तूल घडवले. नळी नाही, छर्रा नाही, फक्त मूठ, माशी आणि खाच. वजनासाठी पोटात शिसे भरले. रोज पहाटे कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून ती ते अर्धा तास उचलते आणि खाली ठेवते. आजीचा कार्तिक एक महिन्याचा असे. हिचा बारा महिन्यांचा.

पण तिचा बाप खूश नव्हता. त्याची तीन एकर धानाची शेती. तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला, ओसरीवर बसला, बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “गुर्जी, राग नका मानू जी. आपल्याकडं बंदूक म्हटलं का पोलीस, नाही त जंगलातले. पोरीच्या हातात ते कायले?”

मला उत्तर सुचले नाही. लाखांदुराहून वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा लागतो. १ मे २०१९ रोजी त्याच जिल्ह्यात जांभूळखेड्याला सुरुंग फुटला आणि १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक गेले. ज्या माणसाने बंदुकीचे नाव अशा बातम्यांतच ऐकले, त्याला ऑलिंपिकच्या गोष्टी काय सांगणार? तरी मी सांगितल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, बाप शिक्षक, स्वतः तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तेही बरोबरी दोनदा फोडावी लागल्यावर. मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजच्या एनसीसीतून या खेळात आल्या. तो ऐकत राहिला आणि उठताना एवढेच म्हणाला, “ते मोठे लोक जी.”

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला एक लहानशी स्पर्धा होती. मी त्याला म्हटले, पोरीला थांबवायचे असेल तर थांबव, पण आधी एकदा पाहून घे. तो आला. धुतलेला सदरा घालून प्रेक्षकांच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला. नेमबाजीसारखा कंटाळवाणा खेळ दुसरा नाही. कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. त्याने तासभर पाहिले.

चाळिसाव्या छर्ऱ्याच्या सुमारास तिचे बिनसले. एक छर्रा सातात गेला. तिने पुन्हा हात उचलला, थांबली आणि न मारताच खाली आणला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. घड्याळ चालले होते. माझ्याच तळव्यांना घाम फुटला. चौथ्या वेळी तिने हात उचलला, माशी जागेवर बसली असावी, आणि छर्रा दहात गेला. सरांनी तिला हेच सर्वांत आधी शिकवले होते: श्वास संपला, माशी डगमगली, मनात घाई आली, की पिस्तूल खाली. मारलेला छर्रा परत येत नाही.

तिचा नंबर अकरावा आला. बक्षीस नाही, नाव पुकारले नाही. परतीच्या एसटीत ती आईच्या खांद्यावर डोके टेकून झोपली. बाप माझ्या शेजारी बसला होता. उमरेड मागे पडले, भिवापूर आले, तरी तो गप्पच. मग हळूच म्हणाला, “गुर्जी, पोरगी तीन डाव पिस्तूल खाली ठेवली न?”

“हो.”

“बंदूक खाली ठेवाले शिकवतेत तिथं. हे मले मालूम नव्हतं.”

पुढे पवनीपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. अंधारात धान कापलेल्या बांध्या मागे जात होत्या. मग त्याने विचारले, “ते हवेचं पिस्तूल, स्वतःचं, केवढ्याले येते जी?”

स्पर्धेला चालेल असे पिस्तूल सव्वा लाखाच्या आसपास पडेल, असे मी सांगितले. त्याने बोटांवर हिशोब मांडला. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये.

“बावन-त्रेपन क्विंटल,” तो म्हणाला. “एका सालात नाही जमत. दोन सालं लागतीन.”