दोन्ही ९ व्होल्टच

लहान मुलासाठी रोबोट किट शोधायला बसलात की पाच मिनिटांत कळतं, ही किट्स मुलांसाठी नसतातच. ती आईबापांच्या धास्तीसाठी असतात. खोक्यावर एक हसरं पोर, खाली 'उद्यासाठी आजच तयार व्हा' छापाचं काहीतरी. उद्या नक्की काय आहे, हे सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मलाही सांगता येत नाही. आमच्या टीममधले चौघं या वर्षात घरी बसलेत. पण खोकेवाल्यांना माहिती असतं बहुतेक.

भाची दहा वर्षांची. ताई-दाजी इचलकरंजीत राहतात. शेजारपाजारची पोरं ऑनलाइन कोडिंग शिकतात, म्हणून ताईलाही तो क्लास लावायचा होता. फी ऐकून मी म्हटलं, "थांब, मी किट आणतो."

मनात आधी लेगोचं माइंडस्टॉर्म्स होतं. कॉलेजात त्याचे व्हिडिओ बघून हळहळायचो. १९९८ साली आलेलं ते किट लेगोनं २०२२मध्ये बंद केलं. त्याचं नाव सेमूर पेपर्टच्या १९८०च्या पुस्तकावरून घेतलेलं. पेपर्ट हा एमआयटीतला गणितज्ञ, मुलांसाठी 'लोगो' ही भाषा करणाऱ्यांपैकी एक. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो लहानपणच्या गिअर्सबद्दल लिहितो: गाडीचे दातेरी भाग त्याला इतके आवडायचे, की पाढेसुद्धा गिअरसारखे दिसायचे. कॉम्प्युटर मुलांना काय शिकवेल यापेक्षा मूल कशाच्या प्रेमात पडेल, हा त्याचा प्रश्न होता. खोक्यांवर तो छापत नाहीत.

शेवटी मी साधं किट घेतलं. दोन चाकांची गाडी, एक आर्डुइनो, एक मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअर मोटरी आणि घुबडाच्या डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. आर्डुइनो २००५च्या सुमारास इटलीत इव्रिया गावी जन्मलं, तेही इंजिनिअरांसाठी नाही, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी. त्या ऊनो बोर्डवर रॅम फक्त २ किलोबाइट. माझ्या ऑफिसातला एक एरर मेसेज तेवढ्यात मावणार नाही.

सेन्सर तिला लगेच कळला. तो आपल्याला ऐकू न येणारा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. "मग भिंत ३४ सेंटिमीटरवर?" मी विचारलं. "नाही, १७. जाऊन आलाय ना तो!" पाचवीतली पोरगी. मी कोडमधला 'भागिले दोन' तिलाच टाइप करायला दिला.

गाडी मात्र चालेना. गचका खायची, बोर्डवरचा दिवा विझायचा, परत लागायचा, परत गचका. मी कोड वाचत बसलो. कोडात काही नव्हतं.

दाजी जेवून हात पुसत आले. दाजींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागांच्या मोटरी जळतात, ते जुनी तार उपटून नवी भरतात, वार्निश करतात, पुन्हा चालू. आयटीआय केलेला माणूस. आमच्या घरात 'इंजिनिअर' हा शब्द माझ्यासाठी वापरतात, त्यांच्यासाठी कुणीच वापरत नाही.

त्यांनी किटमधल्या चौकोनी बॅटरीला मल्टीमीटर लावला. ९ व्होल्टच्या वर. मग म्हणाले, "आता सोड गाडी." चाकं हलली तसा काटा पाचाखाली आला. (त्यांचा मीटर काट्याचाच आहे, डिजिटल त्यांना पटत नाही.) "मोटरीत काय खोट न्हाई. ह्या बॅटरीत दमच न्हाई." त्यात ड्रायव्हरही स्वतःसाठी दोनेक व्होल्ट खातो, मग मोटरींना बिचाऱ्यांना उरतं काय?

कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा पेन्सिल सेल आणले. दाजींनी ते पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात एकामागोमाग बसवून तारा काढल्या. भाचीनं बेरीज केली: दीड गुणिले सहा. "पप्पा, हे पण नऊच आहे की!"

"टाकी तेवढ्याच उंचीवर हाय. तिचा पाइप बारीक हुता, ह्याचा रुंद हाय."

गाडी सुटली, कपाटापाशी थांबली, वळली. पोरगी गाडीकडे नाही, बापाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "मी उद्या दुकानात येऊ?"

"नको," ताई आणि दाजी एकदमच म्हणाले.

ताईचं कारण मला अपेक्षित होतं: पेठेतलं दुकान, सगळे पुरुष, पोरीची जात. दाजींचं नव्हतं. रात्री गच्चीवर ते म्हणाले, "हातावर वार्निशचे डाग घिऊन मी लग्नात जेवायला लाजतो. तिनं तुझ्यासारखं एसीत बसावं." ऑफिसातल्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला काय हुतंय, शिकलेला हाईस." मला वाटतं, त्या घरात इंजिनिअरिंग कळणारा माणूस मुलीला इंजिनिअरिंगपासून लांब ठेवतोय आणि त्यासाठी पैसे साठवतोय. हे मी त्यांना म्हणालो नाही. पोरीसाठी तो माणूस रोज जळक्या वार्निशच्या वासात बसतो. मी काय बोलणार?

परवा ताईच्या फोनवरून भाचीचा मेसेज आला: "मामा, पंख्याचं एक वाइंडिंग उलटं जोडलं तर पंखा उलटा फिरतो का?" उत्तर मला शोधून देता आलं असतं. मी तो दाजींना पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या. तासाभरानं उत्तर आलं, तेही मला नाही, तिला: "फिरतो. रविवारी दुकान बंद असतंय, तवा ये, दाखवतो."

ताईनं अजून हो म्हटलेलं नाही.