‘आता चालव’ एवढाच निरोप

आजचा धागा लढाईचा नाही, तहाचाही नाही. दूरच्या संगणकाला ‘तुझे ठरलेले काम आत्ता कर’ असे सांगणाऱ्या एका निरोपाचा आहे. त्याचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा. पण त्याच निरोपाने माझ्या हातून एकदा न भरून येणारे नुकसान झाले, म्हणून तो मी मुळापासून वाचला.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी एका दप्तरखान्यात अर्धवेळ काम करीत असे. मोडी कागदांचे स्कॅनिंग चाले. ‘हिला संगणकातले कळते’ या ख्यातीमुळे तेथील बावीस संगणकांची देखभाल माझ्याकडे आली. प्रत्येक संगणकावर एक कारभारी आज्ञावली होती. दर अर्ध्या तासाने ती मुख्य सर्व्हरवरचे नियमपत्र वाची आणि आपल्या यंत्राची मांडणी त्याच्याशी ताडून पाही. शिवकाळातला जाबता आठवा: काय कसे असावे हे एकदा लिहून ठेवायचे आणि ज्याने त्याने आपल्या जागी पाळायचे.

एके दुपारी मी त्यात एक नियम घातला: तात्पुरत्या फोल्डरमधील सात दिवसांहून जुन्या फायली पुसाव्यात. फोल्डरचा मार्ग लिहिताना एक पायरी वरचा लिहिला गेला. अर्धा तास थांबण्याचा मला कंटाळा आला होता. बावीसही संगणकांना मी एकदम निरोप धाडला. वरच्या फोल्डरमध्ये सर्व्हरवर जायची राहिलेली जुनी स्कॅन होती. काही मिनिटांत ती सर्वत्र नाहीशी झाली.

आता ओस्लोला जाऊ. १९९३ साली ओस्लो विद्यापीठाच्या सैद्धांतिक भौतिकी विभागात मार्क बर्जेस नावाचे तरुण संशोधक होते. विभागात युनिक्सचे निरनिराळे अवतार चालवणारे संगणक होते आणि प्रत्येकासाठी वेगळ्या अपवादांनी भरलेल्या स्क्रिप्ट लिहाव्या लागत. त्या जाचातून सुटण्यासाठी बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिले. त्यातील मूळ कल्पना मला आजही थोर वाटते. यंत्राला कृतींची यादी द्यायची नाही. अखेर कोणती स्थिती हवी ते सांगायचे. स्थिती बिघडली असेल तर यंत्र ती सुधारते, ठीक असेल तर हात लावत नाही. म्हणून तेच नियमपत्र शंभरदा चालवले तरी बिघडत नाही. अर्थात, ते बरोबर लिहिलेले असेल तर.

बाहेरून चालना देण्यासाठी या प्रणालीत ‘सीएफरन’ नावाची सोय आली. तिची मर्यादा हेच तिचे वैशिष्ट्य. निरोप धाडणारा दुसऱ्या यंत्राला नवी आज्ञा देऊ शकत नाही. फार तर नियमपत्रात आधीच नमूद असलेल्या एखाद्या प्रसंगाचे नाव कळवू शकतो. बाकी त्याने म्हणायचे ते इतकेच: तुझे नियमपत्र आता चालव. ते मान्य करायचे की नाही, हे ज्या त्या यंत्राच्या हाती. पुढे २००४ च्या सुमारास बर्जेस यांनी याच विचारातून ‘प्रॉमिस थिअरी’ मांडली. तिच्यात प्रत्येक घटक फक्त स्वतःच्या वर्तनाचे वचन देऊ शकतो, दुसऱ्याच्या वतीने नाही.

२००५ मध्ये ल्यूक केनीस यांनी ‘पपेट’ आणले. नाव कळसूत्री बाहुलीचे, पण गंमत अशी की तिथेही दोरी वरून ओढली जात नाही. बाहुलीच ठरावीक वेळाने वर जाऊन विचारते. त्यातही ‘पपेट किक’ नावाची ताबडतोब चालना देणारी आज्ञा होती. तिच्यासाठी प्रत्येक यंत्राला बाहेरून येणाऱ्या हाकेकरिता एक दार उघडे ठेवावे लागे. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली.

२०१२ मध्ये मायकेल डेहान यांचे ‘अ‍ॅन्सिबल’ आले आणि वारे फिरले. यंत्रावर कारभारी नको. एसएसएचने आत शिरायचे, काम उरकायचे, निघायचे. हे नाव अर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीतले आहे. तिथे ते ताऱ्यांमधल्या अंतरातही क्षणात निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राचे नाव आहे.

क्षणात पोहोचणे हीच मोठी गोष्ट, असे मलाही वाटत असे. पण सीएफइंजिनमध्ये ‘स्प्लेटाइम’ नावाची एक तरतूद आहे. सर्व यंत्रांनी एकाच क्षणी सर्व्हरवर गर्दी करू नये म्हणून ती प्रत्येकाला थोडा वेगळा उशीर लावते. माझे संगणकही आपापल्या वेळेने, पुढेमागे जागे होत. मी थांबले असते, तर पहिल्या दोन-तीन यंत्रांवरच घोटाळा दिसला असता आणि बाकीची वाचली असती. तो उशीर मी निरोप धाडून पुसून टाकला होता. बर्जेस यांची मर्यादाही इथे उपयोगाची नव्हती, कारण निरोपात वावगे काहीच नव्हते. चूक नियमपत्रात होती, आणि ते यंत्रांनी इमानाने पाळले.

स्कॅनिंग विभागातले काका मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ताई, फायली परत होतील हो. पण कागद परत उलगडावे लागतील ना?” आम्ही ते सारे पुन्हा उलगडले. एका पत्राची घडी मोडताना शेवटची, ‘छ’ने सुरू होणारी तिथीची ओळ तुकडे होऊन गळाली. पहिल्या स्कॅनमध्ये ती अखंड असणार. ते स्कॅन मी पुसले होते.

हल्ली मी नवा नियम आधी केवळ माझ्या मेजावरच्या संगणकाला पाठवते आणि दिवसभर थांबते. बाकीचे आपल्या वेळेने येतात. त्या पत्राच्या नोंदीत ‘तिथीचा भाग तुटलेला’ असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे.