निरंक

शाळेत नोकरी करणाऱ्याला 'निरंक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अपघात : निरंक. तक्रारी : निरंक. महिनाअखेर आली की तक्ता भरायचा, सही-शिक्का करायचा आणि वर पाठवायचा. आम्ही दोघंही शिक्षक, एक उर्दू शाळेत आणि एक मराठी. जिथं दोनशे मुलं रोज धावतात, तिथं वर्षभरात एकाचाही गुडघा फुटला नाही यावर तपासणीला येणारे साहेबही विश्वास ठेवत नसतील. तरीही रकान्यात निरंक दिसलं की सगळ्यांनाच बरं वाटतं.

या शब्दाकडे आम्ही नव्यानं पाहू लागलो ते भाच्यामुळे. अमरावतीहून बी.एस्सी. झाल्यावर तारापूरच्या अणुवीज केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून त्याची निवड झाली, अल्हम्दुलिल्लाह. सगळ्यांनी मिठाई खाल्ली, पण आपांची झोप उडाली. एकुलता एक मुलगा, त्यात वडिलांचं छत्र नाही. धारणीपासून तारापूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. "तुम्ही दोघं शिकलेले आहात. तिथं धोका आहे की नाही, एवढंच मला शोधून सांगा," त्या म्हणाल्या.

'एवढंच' शोधता शोधता उन्हाळ्याची सुट्टी संपली.

तारापूर हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. तिथल्या दोन जुन्या अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीनं बांधलेल्या, १९६९ पासूनच्या. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या दोन देशी बनावटीच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. या सगळ्यांवर नजर ठेवतं अणुऊर्जा नियामक मंडळ. त्याची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. केंद्र चालवण्याचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. शिवाय दर दहा वर्षांनी पूर्ण फेरतपासणी होते. बांधताना जे नियम होते ते पाळले, एवढ्यावर त्या वेळी भागत नाही. आजच्या नियमांपुढे हे केंद्र कुठं उभं आहे, ते पाहतात. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांना अशाच फेरतपासणीनंतर नवे डिझेल जनरेटर बसवावे लागले, आणि दोन्ही भट्ट्यांत सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या कराव्या लागल्या.

मधल्या काळात निरीक्षक येत-जात असतात, कधी न कळवताही. ते काय पाहतात? आणीबाणीचा जनरेटर ठरल्या दिवशी चालवून पाहिला का. भट्टी अचानक किती वेळा बंद पडली. समुद्रात आणि हवेत किती किरणोत्सर्ग सोडला गेला. मागच्या भेटीत काढलेल्या त्रुटींची पूर्तता झाली का. शेवटचा मुद्दा वाचून आम्ही हसलो. अनुपालन अहवाल नावाचं प्रकरण तिथंही आहे तर.

जनरेटरला एवढं महत्त्व का, हे धारणीकरांना चटकन कळेल. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन बराच काळ तापत राहतं. ते थंड ठेवायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. ११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमात भूकंपानं बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीच्या पाण्यात जनरेटर बुडाले. पुढचं सगळं त्यातून घडलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोरा इथं ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटून आग लागली. मुख्य आणि पर्यायी विजेच्या तारा एकाच वाटेनं गेलेल्या होत्या, त्या एकदमच जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना होतं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण शून्य ते सातच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला तिसरी पातळी दिली गेली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पातळीवर आहेत.

मोठ्या घटना जगाला दिसतात. तपासणीचा खरा कस लागतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत. अमेरिकेत २००० पासून प्रत्येक अणुवीज केंद्राला रंग देतात. सर्व ठीक असेल तर हिरवा, मग पांढरा, पिवळा, आणि गंभीर असेल तर लाल. अचानक बंद पडण्याचं प्रमाण सात हजार तासांमागे तीनच्या वर गेलं की हिरवा रंग जातो. मोजता येईल, जनतेला समजेल, अशी छान पद्धत. मात्र २००२ च्या मार्चमध्ये ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेस केंद्रात दुरुस्ती करताना भट्टीच्या झाकणात फुटबॉलएवढा खड्डा सापडला. गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक आम्लानं सुमारे पंधरा सेंटिमीटर जाडीचं पोलाद खाऊन टाकलं होतं. आतलं जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचं अस्तर तेवढं दाब धरून होतं. आणि या केंद्राचे मोजमापाचे रकाने हिरवे होते!

खुणा नव्हत्या असं नाही. हवा तपासणाऱ्या यंत्राच्या गाळण्या गंजानं वारंवार भरत होत्या. गाळणी भरली की बदलायची आणि पुढच्या कामाला लागायचं, असं चाललं होतं. हा गंज येतो कुठून, हे कुणी नेटानं विचारलं नाही.

इथं आम्हाला आमच्या मुलांच्या वह्या आठवल्या. ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, ती बहुधा शेजारच्या मुलाची पाहून लिहिलेली असते. अणुवीज केंद्राचंही तसंच असावं. किरकोळ बिघाडांची नोंद भरपूर, पण प्रत्येक नोंदीपुढे कारण आणि उपाय लिहिलेला, असं केंद्र आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

आता कामगारांचं. किरणोत्सर्गाच्या जागी काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यावर पडलेली मात्रा ठराविक मुदतीनं मोजून त्याच्या नावावर नोंदवतात. मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सामान्य जनतेसाठी अणुवीज केंद्रामुळे येणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून निसर्गतःच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, तेही धारणीत बसून. हे आकडे ऐकून आपांना थोडा धीर आला.

तेवढ्यात त्यांचा गुडघा दुखू लागला आणि आम्ही त्यांना एक्स-रेला घेऊन गेलो. कुठं, ते सांगत नाही. एक्स-रे यंत्रालाही याच नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि ते चालवणाऱ्यालाही तसाच बिल्ला लावावा लागतो, हे आम्ही त्याच आठवड्यात वाचलं होतं. आपांनी त्या मुलाला विचारलं, "बेटा, तुझा बिल्ला कुठाय?" त्यानं टेबलाच्या ड्रॉवरमधून काढून दाखवला. ड्रॉवरमधल्या बिल्ल्याचा अहवाल काय येणार? निरंक!

परतताना आपा रिक्षात गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तपासणाऱ्यांचा साहेब कोण?"

सुट्टीभर वाचून आम्हाला जो प्रश्न सगळ्यात उशिरा सुचला, तो त्यांनी एका फेरीत विचारला. कितीतरी वर्षं उत्तर अवघडच होतं. नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तर देई, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा विभागाचेच सचिव. वीज केंद्रं चालवणारं महामंडळही त्याच विभागाखाली. शाळेचा मुख्याध्यापकच तपासणी अधिकाऱ्याचा साहेब असावा, तसं. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० ची नोंदणी झालेली होती. मंडळाला स्वतंत्र करण्यासाठी २०११ मध्ये आणलेलं विधेयक संमत न होताच बारगळलं. २०१५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या पथकानंही स्वातंत्र्य कायद्यात लिहा असंच सुचवलं. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं संमत केलेल्या नव्या कायद्यानं मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्यानं खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलं, म्हणजे मंडळाचं काम वाढणार. दर्जा कागदावर मिळाला; निरीक्षकाचा आवाज किती चढा राहतो ते पुढं दिसेल. आमचं मत विचाराल तर, अशा ठिकाणी निरीक्षक थोडा तापटच असावा.

आपांना आम्ही जे कळलं ते सगळं सांगितलं, झाकून काही ठेवलं नाही. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि होकार दिला. भाचा रुजू झाला, सध्या प्रशिक्षण चालू आहे. फोनवर तो "सब ठीक है, अम्मी" म्हणाला की आपा लगेच विचारतात, "सब म्हणजे काय काय?" आणि त्याला बसून सांगावं लागतं.