तात्यांच्या कणगीतलं ट्रॉम्बे

ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या दाण्यांवर किरण सोडून नव्या जाती काढतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला चीड आली होती. अणुभट्टी आणि शेंगदाणा यांचा काही संबंध असावा, हेच सहन होत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं बियाण्यांच्या मेळाव्यांत आणि बचतगटांच्या बैठकांत मी हे उदाहरण ठासून द्यायची. निसर्गाच्या पोटात हात घालायचा नसतो, असं मी सांगायची आणि बायका माना डोलवायच्या. आता मी तसं बोलत नाही. का, ते माझ्याबरोबर त्या मेळाव्यांत राबलेल्या मैत्रिणींना नीट सांगायला हवं. त्यांतल्या काहींना वाटतं की मी त्यांची साथ सोडली.

माझा विरोध हवेतून आलेला नव्हता. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. हे बियाणं संकरित असतं. घरचं राखून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर हंगामाला दुकानातून पाकीट आणायचं. पेरणीच्या तोंडावर उसनवारी करून पाकिटं घेणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. 2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली तेव्हा मला आनंद झाला होता, आणि ती स्थगिती मला आजही योग्य वाटते. ताटात रोज येणाऱ्या भाजीबद्दल लोकांनी प्रश्न विचारायचे आणि सरकारने ते ऐकून घ्यायचे, हे व्हायलाच हवं होतं. पण या सगळ्यातून डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: प्रयोगशाळेतून आलेलं बी म्हणजे शेतकऱ्याच्या हातून गेलेलं बी.

त्या समीकरणाला तडा गेला तो कराडजवळच्या माझ्या माहेरी. आमच्या भावकीतले तात्या उन्हाळी भुईमूग करतात. मेळाव्यासाठी जुनं, घरी राखलेलं बियाणं गोळा करत मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी कणगीतून ओंजळभर शेंगा काढून माझ्या पदरात टाकल्या.

“हे बी कुठल्या कंपनीचं, तात्या?”

“कंपनीचं कशाला आसंल? घरचंच हाय, पोरी. कवापासनं राखतोय. टॅग चोवीस.”

टॅग-24 म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट. ज्या जातीविरुद्ध मी भाषणं केली, ती तात्यांच्या कणगीत घरचं बी म्हणून वर्षानुवर्षं नांदत होती. दर सालच्या पिकातून चांगल्या शेंगा निवडायच्या, वाळवायच्या, शेंगांतच ठेवायच्या आणि पेरणीआधी हाताने फोडायच्या. शेजाऱ्याला लागलं तर पायलीने द्यायचं. माझ्या भाषणातला आदर्श शेतकरी जे जे करतो, ते सगळं हा माणूस करत होता, आणि बी मात्र अणुसंशोधन केंद्रातलं होतं.

मग मी वाचायला बसले आणि भेटतील त्या कृषी शास्त्रज्ञांना प्रश्न विचारू लागले. माझी पहिली भीती होती की दाण्यात किरण उरत असतील. ते उरत नाहीत. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या बरगड्यांत किरण साठून राहतात का? दाण्याचंही तसंच आहे. किरण आरपार जातात आणि जाताना पेशीतल्या गुणसूत्रांत कुठेतरी बारीक मोडतोड करतात. असे बदल निसर्गात आपोआपही होत असतात. किरणांनी त्यांचं प्रमाण खूप वाढतं, एवढंच.

यातले बहुतेक बदल कुचकामी निघतात. रोप खुरटतं, पांढुरकं पडतं, शेंगाच धरत नाही. म्हणून किरण सोडणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम वावरात चालतं. हजारो रोपांच्या ओळींतून हिंडायचं, एखादं वेगळं रोप हेरायचं, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पिढ्यानपिढ्या तपासायचं, चांगल्याचा चांगल्याशी संकर करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायचं. ‘स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड’ या जुन्या जातीवर क्ष-किरण सोडून सुरू झालेल्या कामातून 1973 मध्ये टीजी-1, म्हणजे ‘विक्रम’, ही टपोऱ्या दाण्याची जात शेतकऱ्यांपर्यंत पोचली. आणि टॅग-24 येईपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. निसर्गावरचा हल्ला म्हणून मी ज्याची संभावना करत होते, ते इतकं सावकाश आणि इतकं डोळस काम होतं.

भुईमुगालाच हे का लागलं, हे कळल्यावर तर मी थक्क झाले. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दोन रानटी जातींचा हजारो वर्षांपूर्वी आपसूक संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि त्यातून हे पीक जन्मलं. उगमच इतका अरुंद, त्यात फुलाचं परागीभवन त्याच फुलात होतं. त्यामुळे या पिकात मुळातच विविधता कमी. पैदासकाराला निवड करायची तर निवडायला काही हवं ना! ते वैविध्य किरणांनी पुरवलं.

टॅग-24 बुटकी आहे. झाडाची ताकद पाल्यात कमी आणि शेंगांत जास्त जाते. तात्यांची त्यावर तक्रारही आहे की जनावरांना पाला पुरत नाही. ही तक्रार खरी आहे आणि शास्त्रज्ञांनी ती ऐकायला हवी. उपट्या भुईमुगाचं आणखी एक दुखणं म्हणजे काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात. म्हणून काढणीनंतर काही दिवस न उगवणाऱ्या जातींवर काम झालं. ट्रॉम्ब्याच्या जातींची नावंही बघण्यासारखी आहेत. टीपीजी-41 मधला ‘पी’ फुलेंचा, राहुरीच्या विद्यापीठाचा. टीएलजी-45 मधला ‘एल’ लातूरचा. टीकेजी-19अ मधला ‘के’ कोकणचा. ट्रॉम्ब्यात जन्मलेल्या जाती ज्या मातीत पारखल्या गेल्या तिचं नाव घेऊन आल्या, याचं मला मोल वाटतं.

भुईमुगाचं बियाणं हेक्टरी शंभर किलोच्या आसपास लागतं. एका किलोतून पुढच्या वर्षी फार तर आठ-दहा किलो हाती येतं, आणि एकदा घेतलं की शेतकरी घरचंच पेरतो. मोठ्या कंपनीला यात रस का वाटावा? हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनीच करायचं. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त जातीचं नाव छापलेल्या पाकिटात ते विकता येत नाही. माझा राग ज्या गोष्टीवर होता ती मालकी होती. तो राग मी उगीच किरणांवर काढत बसले.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान वाणांबद्दल माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पैदासकाराला उद्या रोगाशी झुंजणारा गुण हवा असेल तर तो अशाच कुणीतरी राखलेल्या वाणात सापडेल. बीजबँक आणि ट्रॉम्बे यांना मी एकमेकांसमोर उभं केलं होतं. दोन्ही नसतील तर तात्यांच्या नातवाच्या हाती पाकीटच उरेल.

कुठलंही नवं बियाणं समोर आलं की मी आता वेगळे प्रश्न विचारते. हे पुढच्या वर्षी राखता येईल का? चाचण्या कुणी घेतल्या, निकाल सगळ्यांना पाहता येतात का? जनावराच्या वैरणीचं काय? आणि ओलसर साठवणीत बुरशीमुळे शेंगदाण्यात तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष अजून आपल्या घरांत शिरतं, त्यावर काम करणाऱ्यांना पैसा का अपुरा पडतो?

मेळाव्यात यंदा गावरान वाणांच्या शेजारी टॅग-24 च्या शेंगा मांडाव्यात, असं मी सुचवलं आहे. एका जुन्या मैत्रिणीने साफ नकार दिला. तिचं म्हणणं, आज किरण चालले तर उद्या काहीही चालेल. तिची भीती मला परकी नाही. मी तिला तात्यांकडे घेऊन जाणार आहे, पेरणीआधी, शेंगा फोडायला.