बाबांची होडी आणि आईची अट

बंगळुरूला समुद्र नाही. मंगळूरचा किनारा गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. तरीही आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन स्कूटरींच्या शेजारी, पंधरा फुटी होडी आहे आणि ती माझ्या वडिलांनी स्वतः बांधलेली आहे.

बाबा मूळचे मालवणकडचे. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या विमान कारखान्याचे पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाले, तिथे त्यांची उभी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी मरीन प्लायवूड कापले, फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडल्या, सांध्यांवर काचधाग्याच्या पट्ट्या आणि इपॉक्सी चढवले. दोन्ही टोकांना निमुळती अशी होडी तयार झाली. शेजारी हसत. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र शहराच्या पूर्व भागात पाणी भरले, बंगल्यांतल्या लोकांना ट्रॅक्टर आणि रबरी होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्या आठवड्यात हसणे थांबले.

कनकपुरा रस्त्यावर एका परिचितांच्या शेतात मोठे तळे आहे. दर रविवारी होडी तिथे जायची. गेल्या वर्षी बाबांचा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी वल्हे बंद केले. बाबा म्हणाले, छोटे इंजिन लावू.

“अहो, वल्हवता येत नाही तर होडी सोडा ना,” आई म्हणाली. “इंजिनाचं वेड कशाला?”

आईच्या भीतीला कारण आहे. ती दहा वर्षांची असताना तिच्या सख्ख्या काकांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. काका सापडले नाहीत. पण होडी सुटली तर बाबांचे काय होईल, हेही मला दिसत होते. तीन महिने ते टीव्हीसमोर नुसते बसून होते.

होडीला बाहेरून टांगायचे इंजिन ही तशी जुनी गोष्ट. अमेरिकेत मिलवॉकी शहरी ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन कारागिराने १९०९ मध्ये ते विकायला काढले. प्रेयसीसाठी आइस्क्रीम घेऊन तो तळ्यातून वल्हवत निघाला आणि पोहोचेपर्यंत ते वितळले, म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे त्याच प्रेयसीने, म्हणजे बेसने, धंद्याची व्यवहाराची बाजू सांभाळली. आमच्या घरी मात्र बेसच विरोधात होती!

अडचण खरीच होती. असे इंजिन होडीच्या मागच्या सपाट फळीवर अडकवायचे असते. आमच्या होडीला मागे फळीच नाही, टोक आहे. मग आडवी दांडी बांधून ते एका बाजूला टांगावे लागते. दोन अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिनही पंधरा किलोच्या आसपास भरते. अरुंद होडीच्या एका कडेला एवढे वजन, त्यात बसणाऱ्याने मागे वळून दोरी ओढायची, म्हणजे कलंडायला आमंत्रणच. शिवाय जास्त ताकदीचा उपयोगही नाही. एवढ्या लांबीची होडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पोहोचली की पुढची ताकद तिचे शेपूट पाण्यात बसवण्यात जाते.

तोडगा आईनेच काढला, तोही भांडता भांडता. “आमच्याकडे साध्या होडीलासुद्धा उलांडी असते, आणि तुम्ही नुसतं इंजिन टांगणार?”

उलांडी म्हणजे होडीपासून थोड्या अंतरावर, तिला समांतर, दोन दांड्यांनी बांधलेले तरंगते लाकूड. होडी त्या बाजूला झुकू लागली की पाणी लाकडाला वर ढकलते. उलट बाजूला झुकली की लाकडाचे वजन तिला खाली ओढते. बाबा क्षणभर गप्प झाले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला उलांडी.

आईच्या बाकीच्या अटी सोप्या होत्या. पेट्रोल नको, बॅटरीवरची मोटर चालेल. जाकीट घातल्याशिवाय किनारा सोडायचा नाही. एकट्याने जायचे नाही. बाबांनी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर नजर टाकली होती, ती आईने वेळीच ओळखली. मग बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी आली. ती अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून हाताशी पन्नासच धरायचे. मोटर पूर्ण वेगाने तीस अँपिअर खाते, म्हणजे दीड तास. हळू चालवली तर बराच जास्त. वजनदार बॅटरी तळाशी मधोमध ठेवल्याने होडी उलट स्थिर झाली. बॅटरीजवळ फ्यूज घातला आणि मोटर दोरीने होडीला बांधली, स्क्रू सैल झाला तरी ती बुडू नये म्हणून.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हे शेतातले खाजगी तळे आहे. नदीत किंवा सार्वजनिक जलमार्गावर यंत्राची नौका न्यायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याची नोंदणी, तपासणी आली. हौस म्हणून कुणी परस्पर उतरू नये.

पहिल्या दिवशी बाबांनी मुद्दाम उभे राहून होडी हलवून दाखवली. आईने डोळे मिटून घेतले. उलांडी पाण्यावर आपटली, होडी सावरली. मग आवाज न करता ते पलीकडच्या काठापर्यंत गेले आणि डाव्या हाताने दांडा वळवून परत आले.

आई अजून होडीत बसलेली नाही. मात्र शनिवारी रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची आठवण तीच करते. आता प्रश्न आहे तो ती बॅटरी जिना उतरवून गाडीपर्यंत नेण्याचा. खांद्याचे कारण सांगून बाबा मोकळे झाले आहेत आणि ते काम जावयाच्या गळ्यात पडले आहे.