अपघातानंतर येणारे अनोळखी फोन

घरातल्या वृद्ध व्यक्तीला रस्त्यावर वाहनाची धडक बसली, की दोन प्रकारचे फोन येऊ लागतात. पहिले नातेवाइकांचे, ते ओसरायला आठवडा लागतो. दुसरे अनोळखी माणसांचे असतात आणि ते साधारण त्याच सुमारास सुरू होतात. “काकांचं कळलं. क्लेम केलात का? तुम्ही काही करू नका, फक्त कागद पाठवा. पैसे मिळाले तरच आमचे द्यायचे.” वाचकहो, हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या फोनविषयी आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात वकिलांचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु खुब्याचे हाड शस्त्रक्रियेने जुळते आणि त्यापायी आलेला खर्च मागे उरतो, हे प्रत्येक फॅमिली डॉक्टर पाहत असतो. ब्यूरोतून आणलेली दिवसपाळीची बाई, फिजिओथेरपी, भाड्याचा पलंग, कमोडची खुर्ची, सुनेने किंवा मुलाने घेतलेली बिनपगारी रजा, यांतले काहीही रुग्णालयाच्या बिलात नसते आणि बहुतेक आरोग्य विम्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याखालील भरपाईत मात्र यांतले बरेच काही मागता येते. ती मागायची कोणाच्या हातून, हा प्रश्न मग उपचाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

हल्ली तो प्रश्न प्रथम मोबाईलला विचारला जातो. नातू ‘अपघात भरपाई वकील’ असे शोधतो. सर्वांत वर येणाऱ्या दुव्यांवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेले असते. म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली असते, गुणवत्तेने मिळालेली नसते. दुवा उघडला की एक सोपा अर्ज येतो: नाव, फोन, अपघाताची तारीख, ‘मोफत सल्ला’. अर्ज भरणाऱ्याला वाटते आपण वकिलाशी संपर्क साधला. पुष्कळदा ते संकेतस्थळ वकिलाचे नसतेच. ते एका मध्यस्थाचे असते आणि आपली माहिती हाच त्याचा माल असतो. तो माल तीन-चार ठिकाणी विकला गेला, की तीन-चार ठिकाणांहून फोन येतात. पाच तारे आणि ओळीने स्तुतिपर अभिप्राय यांचेही तसेच. ते कोणी लिहिले हे आपल्याला पडताळता येत नाही.

आपल्या देशात वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळवण्यास मुळात मनाई आहे, ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील ३६वा नियम जाहिरात, परिपत्रके, दलाल अशा कोणत्याही मार्गाने काम मागण्यास बंदी करतो. २००८ साली त्यात सवलत मिळाली ती एवढीच, की वकिलाने स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती द्यावी. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांची जाहिरात करण्याच्या प्रकाराला परखड शब्दांत फटकारले आणि त्यावर कारवाई करण्यास बार कौन्सिलला सांगितले. अर्थात हा रोग इंटरनेटने आणलेला नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर धावून जाणाऱ्या, त्यांच्या हातांतले कागद ओढणाऱ्या वकिलांचे प्रकरण महाराष्ट्राच्या बार कौन्सिलकडून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि १९७५ साली न्यायालयाने अशा वर्तनाला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पन्नास वर्षांत दरवाजा तेवढा बदलला. पूर्वी तो न्यायालयाचा होता, आता तो आपल्या खिशात असतो.

आम्हा डॉक्टरांना यात फार सोवळे राहण्याचे कारण नाही. वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारनियमही जाहिरात आणि रुग्ण पाठवल्याबद्दलचे कमिशन, दोन्हींना मनाई करतात. तरी ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अपघाताच्या बाबतीत तर दोन्ही व्यवसायांतले दलाल एकाच ठिकाणी भेटतात. रुग्ण दाखल झाल्याची बातमी रुग्णालयातूनच बाहेर जाते आणि वॉर्डाच्या दाराशी कोणीतरी कार्ड घेऊन उभा राहतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे: जो स्वतःहून आपल्याला शोधत आला, त्याने आपल्या व्यवसायाचा पहिला नियम मोडूनच सुरुवात केली आहे, एवढे ध्यानात ठेवून त्याच्याशी बोलावे.

यातला धोका केवळ पैशाचा नसतो. माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. वय चौऱ्याहत्तर, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. पहाटे फिरताना दुचाकीची धडक बसली. मनगट मोडले, डोक्याला किरकोळ खोक पडली. त्या दिवशीचा मेंदूचा सीटी स्कॅन निर्दोष होता. तीन आठवड्यांनी त्यांची सून डिस्चार्ज कार्डाची प्रत साक्षांकित करून घ्यायला माझ्याकडे आली. नातवाने भरलेल्या ऑनलाइन अर्जावरून एक ‘क्लेम सल्लागार’ घरी आला होता आणि दुचाकीस्वाराकडून चाळीस हजार रुपये मिळवून देतो म्हणत होता. कागदावर मजकूर होता, ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, पुढे कोणतीही तक्रार नाही.’

“डॉक्टर, आज संध्याकाळी सही हवीय त्यांना. उद्या म्हणे समोरचा माघार घेईल.”

“बाबा कसे आहेत?” मी विचारले.

“तसे बरे आहेत. झोपूनच असतात जरा. काल शर्टाची बटणं वरखाली लावली होती. वयच झालं ना आता.”

वाचकहो, वय एका आठवड्यात होत नसते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला मार लागला, तर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त अगदी हळूहळू साचू शकते आणि त्याची लक्षणे कित्येक दिवसांनी, कधी महिना-दीड महिन्यानेही दिसतात. गुंगी, गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणे, सतत डोके दुखणे, बोलण्यात अडखळणे. यांतले काहीही दिसले तर पहिला स्कॅन चांगला होता या समाधानावर राहू नये. त्या गृहस्थांचा स्कॅन त्याच दुपारी पुन्हा झाला, रक्त साचलेले आढळले आणि कवटीला छिद्र पाडून ते काढावे लागले. संध्याकाळची सही राहून गेली. झाली असती, तर त्या शस्त्रक्रियेचा खर्च मागण्याच्या वाटेत त्यांचाच कागद आडवा आला असता. प्रकरण आता न्यायाधिकरणापुढे आहे. निकाल लागायचा आहे, पण गृहस्थ बटणे नीट लावतात.

तेव्हा घाई करणाऱ्यापासून सावध राहावे. वृद्धाच्या शरीराचा हिशेब लवकर मिटत नाही. कायमच्या अपंगत्वाचे मोजमापसुद्धा उपचार पूर्ण होऊन प्रकृती स्थिरावल्यावरच करायचे असते. विमा कंपनीशी तडजोड करण्यात काही वावगे नाही, लोकअदालतीत अनेक दावे समाधानाने मिटतात. मात्र ती तडजोड न्यायाधिकरणापुढे नोंदवली जावी. बैठकीच्या खोलीत, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर ती कधीही होऊ नये.

दुसऱ्या बाजूला, निष्काळजी दिरंगाईही परवडणारी नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची अट आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्यावर विसंबून स्वस्थ बसू नये. दावा अपघात झाला त्याच गावी करावा लागतो, हा गैरसमजही सोडून द्यावा. आपण राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही तो करता येतो. सोलापूरजवळ अपघात झालेल्या पुणेकर आजींना तारखांसाठी सोलापूर गाठण्याची गरज नाही.

“आजोबा निवृत्त, कमाई नाही, मग मिळणार काय?” असे घरचेच म्हणतात. कमाईचा भाग वयानुसार खरोखर घटतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेल्या कोष्टकात विशी-पंचविशीच्या माणसाला अठराचा गुणक आहे, तर पासष्टीनंतर तो पाचवर येतो. पण उपचार, मदतनिसाचा पगार, पुढे लागणारी औषधे, प्रवास, वेदना, जगण्यातल्या साध्या सुखांना मुकणे, हे सारे कमाईवर अवलंबून नसते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचेही मोल धरावे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ज्या आजी नातवंडांचे डबे करत होत्या आणि आता ओट्यापाशी उभ्या राहू शकत नाहीत, त्यांचे नुकसान ‘शून्य’ नाही.

मात्र हे सर्व सिद्ध होते कागदांनी, आणि इथे डॉक्टर व कुटुंब यांची जबाबदारी येते. रुग्णालयात पोचताच ‘वाहनाची धडक’ अशीच नोंद व्हायला हवी. पोलिसांची झंझट नको म्हणून ‘घरात पाय घसरून पडले’ असे सांगणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ती एक ओळ पुढे सगळा दावा गिळते, शिवाय ते खोटे असते. मेडिको-लीगल नोंदीची आणि एफआयआरची प्रत मागून घ्यावी. बाईला दिलेल्या पगाराची दरमहा सही घ्यावी, रिक्षाच्या खर्चाची साधी वही ठेवावी, एक्स-रे फिल्म जपाव्यात. अपघाताच्या पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी केंद्र सरकारची योजना मे २०२५ पासून आहे. त्यासाठी नेमलेल्या रुग्णालयात तिची चौकशी जरूर करावी.

आता वकील निवडण्याविषयी. मी डॉक्टर आहे, कायद्याचा जाणकार नव्हे. परंतु साक्षीसाठी न्यायाधिकरणापुढे उभे राहिल्यावर कोणते वकील तयारीने येतात आणि कोणते फाईल तिथेच प्रथम उघडतात, हे कळते. ज्याची दाव्यांची प्रत्यक्ष वहिवाट आहे तो वकील हवा, मग त्याचे कार्यालय लहान असले तरी चालेल. सनद क्रमांक विचारावा. महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलचा तो असतो आणि प्रामाणिक वकिलाला त्याचा राग येत नाही. ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्याने अपघाताचे दावे खरोखर चालवले आहेत का, ते तिथे दिसते. नातवाची बोटे मोबाईलवर फिरणारच असतील, तर ती तिकडे फिरवावीत.

मग एक प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगतो: “उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावणार का?” याला एक कारण आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी यांत भेद केला. डावा हात गमावलेला सुतार आणि डावा हात गमावलेला सरकारी कारकून यांचे वैद्यकीय टक्के सारखे असले, तरी नुकसान सारखे नसते. उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीबाबत सावधगिरी बाळगावी, असेही तिथे बजावले आहे. “दाखल्यावर टक्के वाढवून आणतो” असे जो म्हणेल, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

फीचे काय? ‘जिंकलो तर तीस टक्के’ हा करार आपल्याकडे वकिलाला करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे. अमेरिकेत ते चालते, तिथे १९७७ पासून वकिलांना जाहिरातही करता येते आणि साधारण एक तृतीयांश वाटा ठरलेला असतो. मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथल्या रस्त्यांवरचे मोठमोठे फलक पाहिलेले असतात, आणि परत आल्यावर इथल्या दलालाचे बोलणे त्यांना ओळखीचे वाटते. तिथली रीत इथे लागू नाही. इथे फी आकड्यात, टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवावी, पावती घ्यावी. फी झेपणारी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून दाखवायला सांगावे, मोतिबिंदूमुळे अक्षर दिसत नसेल तर अधिक आग्रहाने. मूळ कागद देऊ नयेत, प्रती द्याव्यात. रुग्णाचे बँक पासबुक, कोरे धनादेश आणि एटीएम कार्ड कोणाच्याही हवाली करू नये. भरपाईची रक्कम थेट रुग्णाच्याच खात्यात यावी आणि तिचा काही भाग मुदत ठेवीत राहावा, अशी विनंती न्यायाधिकरणाकडे करता येते. वृद्धांच्या दाव्यांत न्यायाधीश ती सहसा सहानुभूतीने ऐकतात. खाते एकट्या मुलाच्या नावावर असेल, तर दावा दाखल करण्याआधीच रुग्णाच्या नावाने वेगळे उघडून घ्यावे.